उखर्डूची जागा

धरणगावच्या शालिग्रामने १९९७ सालच्या एका दुपारी दोनशे चौदा माणसं पुसून टाकली. एक सोडून सगळी आधीच मेलेली होती, म्हणून त्याला त्या वेळी फारसं काही वाटलं नाही.

कारण जागेचं होतं. भाऊबंदांच्या कुळ मंडळाने सुरतहून एक जुना लॅपटॉप आणला होता. वजनाला पाट्यासारखा, पडदा काळापांढरा, आणि आत हार्ड डिस्क चाळीस एमबीची. शालिग्राम जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा, म्हणजे स्वतःचं शिकून झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून शिकवायचा. मंडळाचे अध्यक्ष रुपचंद आबा त्याला म्हणाले, आपल्या अकरा पिढ्यांची वंशावळ यात भर, धुळ्याला देवपुरात मेळावा आहे, तिथे सगळ्यांसमोर वाचू.

वंशावळ तोवर एकाच ठिकाणी होती, झुलाल भाटाच्या बहीत. हा भाट दर तीन वर्षांनी राजस्थानातून यायचा, ओट्यावर बसून बहीचं लाल कापड सोडायचा आणि मूळपुरुषापासून परवा जन्मलेल्या पोरापर्यंत सगळी नावं गाऊन दाखवायचा. त्याचे नियम दोनच. लिहिलेलं नाव खोडायचं नाही, माणूस पुढे बैलचोर निघाला तरी. आणि पान संपलं की नवं पान शिवायचं, पण शिवलेलं पान काढायचं नाही. त्यासाठी दाभण आणि दोरा कायम त्याच्या पिशवीत असायचा. बायकांची नावं बहीत नव्हती. ज्याला मूलबाळ झालं नाही त्याच्या नावापुढे एक पूज्य.

असं एक पूज्य शालिग्रामच्या घरातच होतं. त्याचा काका उखर्डू सव्विसाव्या वर्षी पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. मागे राहिली भिकुबाई, शालिग्रामची काकू. शालिग्रामला चालायला तिनेच शिकवलं. सायकल शिकवता आली नाही, कारण ती तिलाच येत नव्हती, पण कॅरिअर धरून मागे धावली मात्र तीच. भाट उखर्डूपाशी आला की नाव घ्यायचा, एक श्वास घ्यायचा आणि पुढच्या भावावर जायचा. तेवढ्या श्वासापुरतं काकूच्या हातातलं सूप थांबायचं. मग ती भाटाला शिधा द्यायची, इतर घरांपेक्षा पावशेर जास्तच.

लॅपटॉप घरी आल्यावर काकू दोन दिवस शालिग्रामच्या पाठीशी नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, पूज्याच्या पुढेही हे मशीन काही लिहितं का. शालिग्राम म्हणाला, मशीनला काय, सांगू ते लिहितं. मग काकूने सांगितलं आणि त्याने अकरा ओळी टाईप केल्या. उखर्डूने एकदा विहिरीत पडलेली शेळी काढली होती. शेळी दुसऱ्याची होती. तो भरीत खाताना बोलायचा नाही. शीळ घालायचा, पण चाल एकच. लग्नाच्या वर्षी त्याने बांधावर आंब्याची कोय पुरली.

"लिख ना भाऊ," काकू म्हणाली, "त्याना हातनं आंबानं झाड आजून शे."

अकरावी ओळ होती, बायको भिकुबाई. काकूला वाचता येत नव्हतं. तिचं नाव नेमकं कुठे आहे ते तिने विचारून घेतलं आणि त्यावर बोट टेकवलं. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला. शालिग्रामने तो दोन दिवस पुसला नाही.

मेळावा चार दिवसांवर आला तेव्हा रुपचंद आबांची एक इच्छा निघाली. मशीन उघडताच पहिल्यांदा त्यांचा फोटो दिसावा, आणि तो रंगीत असावा. पडदा काळापांढरा आहे हे शालिग्रामने समजावून सांगितलं. आबा म्हणाले, रंग आत असू दे, दिसला नाही तरी चालेल. त्यांनी नाशिकला माणूस पाठवून फोटो स्कॅन करून आणवला, तीन फ्लॉप्यांवर. त्या माणसाने जाताना शालिग्रामच्या कपाटातून कोऱ्या समजून ज्या तीन फ्लॉप्या उचलल्या, त्यांच्यावरच वंशावळीची दुसरी प्रत होती. अकरा पिढ्यांवर आबा आडवे पसरले, ते कळलं नंतर.

फोटो लॅपटॉपमध्ये घालायला गेलं तर मशीन म्हणालं, जागा नाही.

आता काय काढायचं? आत मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता, चांगला चार एमबीचा. पण त्यात शालिग्राम बाराव्या टप्प्यावर पोहोचला होता, आणि जळगावात बारावा टप्पा पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. त्याची नजर खेळावर गेली आणि परत आली. शेजारी बसलेल्या आबांनीच तोडगा काढला. "जे गेले आणि ज्यांच्या मागे कुणी नाही," ते म्हणाले, "त्यांना शोधायला कोण येणार आहे?"

ऐकायला हे बिनतोड वाटलं. शालिग्रामने मशीनला विचारलं, तसे किती. दोनशे तेरा. त्याने एक कळ दाबली. त्यात उखर्डू आहे आणि उखर्डूच्या ओळींत दोनशे चौदावी काकू आहे, हे आपल्या ध्यानातच आलं नाही, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. पण यादी अकारविल्हे होती, आणि कळ दाबण्याआधी पाहिलेल्या दुसऱ्याच पडद्यावर उखर्डू होता.

मशीन पुन्हा म्हणालं, जागा नाही. शालिग्रामने हिशेब मांडून पाहिला. दोनशे तेरा माणसं गेल्यावर जी जागा झाली होती, तीत आबांची डावी मिशीसुद्धा बसत नव्हती. शेवटी त्याने तो खेळच काढला. आबा आत गेले, दोन्ही मिश्यांसकट. पुसलेल्यांना परत आणावं म्हणून त्याने फ्लॉपी घातली, तर तिथेही आबाच निघाले.

नावं त्या वर्षी भाट आला तेव्हा जशी बहीवरून भरली तशी पुन्हा भरता आली असती, पण भाट आता राजस्थानात परतला होता. काकूच्या अकरा ओळी मात्र जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. त्या तिला विचारायला हव्या होत्या, आणि का विचारतोस हे सांगायला हवं होतं. उरलेले दिवस तसेच गेले.

देवपुरातल्या कार्यालयात काकू नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली. लॅपटॉपवर आबांचा फोटो उघडला. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, हा कुणाच्या छातीचा एक्सरे. मग शालिग्राम वंशावळ वाचू लागला. घरचा वेल आला. हिलाल वाचला, त्याच्यानंतर उखर्डू यायचा तिथे एकदम पुढचा भाऊ भिकन वाचला. भाटाने निदान श्वास तरी घेतला असता. काकूने मान खाली घातली आणि लुगड्याची घडी नीट केली. ती नीटच होती.

परतीची एसटी पारोळ्याला थांबली. काकूने केळं सोलून अर्धं त्याला दिलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "मशीनम्हा आम्ही नही का रे?"

शालिग्राम म्हणाला, जागा कमी पडली.

काकूने हे केळ्याबरोबर चावून घेतलं. "किती जागा लागस आमले?"

खरं उत्तर होतं, आबांच्या मिशीचा एक केस. शालिग्रामने काकूकडे पाहिलं. "खूप, काकू," तो म्हणाला. "उखर्डूकाका मशीनमध्ये मावलाच नाही."

"आनि आबा? आबा मावनात का?"

"आबा मावले."

काकू हसली. सबंध दिवसात पहिल्यांदाच. मग पार धरणगाव येईपर्यंत ती मधूनमधून एकटीच हसत होती.

आठवड्याभरात पिठाच्या गिरणीपर्यंत बातमी गेली की उखर्डू मशीनमध्ये मावला नाही. बायका बांधावरच्या त्या आंब्याकडे जरा मान वर करून बघू लागल्या. मेळावा झाला, आबांची हौस फिटली, फोटो मशीनमधून काढून टाकला. लॅपटॉपमध्ये आता चार एमबी जागा मोकळी पडली होती. शालिग्राम अधूनमधून उघडून ती बघायचा. अकरा ओळी काकूला पुन्हा विचाराव्यात, तर आता मावतो कसा, असं ती विचारणार. त्याने खेळही पुन्हा घातला नाही.

तीन वर्षांनी झुलाल भाट पुन्हा आला. धरणगावात मशीन पूज्याच्या पुढेही लिहितं, बायकांची नावंही लिहितं, हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि पोटापाण्याची काळजी त्यालाही होती. गाता गाता तो उखर्डूपाशी आला, श्वास घेतला आणि पुढे गेलाच नाही. पिशवीतून दाभण काढून त्याने पूज्यानंतर एक कोरं पान शिवलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"बोला बाई, लिहितो," तो म्हणाला.

काकूने सूप बाजूला ठेवलं. पुढे होऊन पानावर आडवा हात ठेवला. पान वीतभरच होतं.

"मशीनम्हा मावना नही तो," ती म्हणाली. "तुमना एक पानम्हा काय मावी?"

यात तक्रार अजिबात नव्हती. भाटाने शालिग्रामकडे पाहिलं, कारण मशीनमधलं कळणारा तिथे तोच. काकूनेही पाहिलं. अकरा ओळी, काकू, अकराच ओळी आहेत, अर्ध्या पानात येतील. एवढंच म्हणायचं होतं.

"खरं आहे तिचं," शालिग्राम म्हणाला.

काकूने भाटाला शिधा दिला, या वेळी अर्धा शेर जास्त. शिवलेलं पान काढायचं नाही हा नियम असल्यामुळे ते तसंच राहिलं. भाट अजून दर तीन वर्षांनी येतो, उखर्डूचं नाव घेतो, कोरं पान उलटतो आणि भिकनवर जातो. पान उलटायला श्वासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.