विरात्नोसाहेबांची गोड खूण

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा जीपीएस आहे. काचेला तडा गेलाय, बटणं झिजलीत, पण डूख धरण्यात मी अजून नवाकोरा आहे.

उपग्रहांचे इशारे ऐकायचे आणि आपण नेमके कुठे आहोत ते सांगायचं, हे माझं काम. बोर्नियोत एका पामतेल कंपनीच्या विरात्नोसाहेबांच्या पट्ट्याला लटकून मी मोजणी करत हिंडलो. साहेब माझं तोंडभरून कौतुक करायचे. मग त्यांनी तिथल्या मूळच्या इबान लोकांच्या बागेत, डुरियन या काटेरी फळाच्या झाडांमध्ये, हद्दीच्या खुंट्या ठोकल्या आणि मी खरं दाखवलं, की त्या खुंट्या कंपनीच्या हद्दीबाहेर आहेत. झालं! जीपीएस बिघडला म्हणत त्यांनी मला नदीकाठच्या चिखलात भिरकावलं. तेव्हाच ठरवलं, साहेब, याची भरपाई होणार.

इंदाई सुलांगने मला उचललं. बाग तिचीच. इबान माणूस झाडं ओळीत लावत नाही, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात ती बाग नुसतं रान दिसते. पण तिथल्या प्रत्येक झाडाला लावणाऱ्याचं नाव असतं. सगळ्यांत मोठं झाड तिच्या आजोबांनी लावलेलं, म्हणून त्याचं नाव आकी मेराम. कंपनीचे बुलडोझर आता तिथेच येणार होते.

इंदाईची भाची लेमाई शहरात नकाशे शिकलेली. तिने मला वाळवलं, झाडाझाडापाशी नेऊन त्या जागांच्या खुणा माझ्यात नोंदल्या आणि त्या संगणकात घातल्या. त्याला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. नदीचा एक थर, घरांचा एक, झाडांचा एक, कंपनीच्या हद्दीचा एक. पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवायचे, की काय कुठे आहे ते कळतं. पुरात कुठली घरं बुडतील, दवाखाना कुठे हवा, हेही ही प्रणाली सांगते. मला तिच्याकडून फक्त सूड हवा होता.

सगळी कुटुंबं एका छपराखाली राहतात त्या लांबघराच्या ओसरीवर वाद ऐकायला जिल्ह्याचे अधिकारी आले, साहेबही आले. बाग हद्दीबाहेर आहे, हे थरांनी दाखवलं. साहेब छातीठोकपणे म्हणाले, "या खुणा यांनी आत्ता रचल्यात. मी स्वतः मोजणी केलीय. ते रिकामं रान आहे, कुणाची बागबीग नाही."

लेमाईने माझ्या पोटातली जुनी खूण उघडली. आकी मेरामवरच होती ती, मोजणीच्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने नोंदलेली: 'बाईच्या बागेतला डुरियन. फार गोड. पुढच्या मोसमात परत यायचं.' खाली साहेबांचं नाव.

इंदाई शांतपणे म्हणाली, "मीच फोडून दिला होता ना, साहेब? झाड कुणाचं, तेही विचारलं होतंत."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. अहाहा, काय गार वाटलं मला! अधिकाऱ्यांनी बुलडोझर थांबवले आणि खुंट्या साहेबांनीच उपटाव्यात असं सांगितलं. मी त्यांना एकेका खुंटीपाशी बरोबर नेलं. चिखल गुडघाभर होता. जवळची वाट मला माहीत होती, पण ती मी दाखवली नाही.

मला वाळवलं तेव्हाच साहेबांची ती गोड खूण पुसू का, असं लेमाईने विचारलं होतं. इंदाई म्हणाली, राहू दे.

म्हणून सांगतो मित्रांनो, ज्याने इमानाने साथ दिली त्याला जपा. आणि फेकायचंच असेल, तर आधी त्याचं पोट रिकामं करा. विरात्नोसाहेब तेवढं विसरले.