नवमीला न उचललेला पाना

मी तापट, आणि त्यातून हट्टी. माझी बायको यमुना हे लग्नापासून सांगत आली. मला ते पटलं एकावन्न सालच्या खंडेनवमीला.

देवासच्या संस्थानी मोटारखान्यात मी मिस्त्री होतो. संस्थान गेलं, मोटारखान्याला कुलूप लागलं आणि मी चौकात पत्र्याची टपरी टाकली. वीस वर्षांच्या मानमरातबातलं एकच उरलं होतं. नवमीला सगळे पाने, पकडी, हातोड्या धुऊन पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू वाहायचे आणि दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

त्या सकाळी पूजा नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात आमच्या आळीतले हंबीरराव फटफटी ढकलत आले. हातात धारहून आलेली तार होती. त्यांची आई अत्यवस्थ होती.

"गणपतराव, गियरचा दांडा ढिला झालाय. पाय मारला की नुसता फिरतो. धारची सकाळची मोटार चुकली, दुसरी थेट दुपारी. हिच्यावरच निघावं लागेल."

मी वाकून पाहिलं. दांड्याचे आतले दाते झिजले होते, बोल्ट सैल पडला होता. आत पत्र्याची पट्टी सारायची आणि पान्याने बोल्ट आवळायचा, बस. पाना समोरच पाटावर होता.

"एवढा एक पाना उचला ना," यमुना दारातून म्हणाली. "देवीची क्षमा मी मागते."

मी तिच्यावर खेकसलो. परक्यासमोर बायकोनं शिकवलेलं मला खपत नसे. हंबीरराव उलट मलाच सांभाळून घेऊ लागले. त्यांच्याही घरी तलवारी पूजेला बसल्या होत्या.

"रहने दो वहिनी, पूजा मोडू नका. गणपतराव, हातानंच काहीतरी करा. चल जाएगा."

दुसरीकडे जावं, तर गावातली सगळीच हत्यारं पूजेत. मी बोटांनी बोल्ट फिरवला, वरून सुतळी करकचून बांधली आणि धारपर्यंत टिकेल असं छातीठोक सांगितलं. टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. ही गोष्ट मी यमुनेलाही कधी सांगितली नाही.

पंधरा दिवसांनी ते आले, मुंडण केलेले. धारच्या वाटेवर बेटमा गावाच्या पुढे एका खड्ड्यात सुतळी तुटून दांडा गळून पडला होता. घाटाबिल्लोदपर्यंत त्यांनी फटफटी ढकलली, ती तिथेच ठेवली आणि मालाच्या ट्रकनं धार गाठलं, तोवर दिवेलागण झाली होती. आई चार वाजता गेली होती. रस्त्यावर कसलीही मोटार वाजली की ती "हंबीर आला का गं?" असं तिथल्या धाकट्या सुनेला विचारत होती म्हणे. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

फटफटी त्यांनी ट्रकात घालून आणली होती, दांडा रुमालात बांधला होता. मी पट्टी कापली, दांडा बसवला, बोल्ट आवळला. ते शेजारी उभे राहून पाहत होते. मी पाना खाली ठेवल्यावर त्यांनी पायानं दांडा वरखाली करून पाहिला. घट्ट बसला होता.

"इतकंच काम होतं?" त्यांनी विचारलं.



"होय," मी म्हणालो. "इतकंच."