खडखडीसकट

दादाचा कशावरही विश्वास बसतो, माझा कशावरच नाही. रविवारी दुपारी तो गळ्यातली मापाची पट्टी न काढताच दुकानातून आला आणि गिऱ्हाइकाने फुकट दिलेला प्रोग्राम माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी आधी त्याला दहा मिनिटं झाडलं.

प्रोग्राम जुने आवाज साफ करणारा होता. दादा परगावी होता तेव्हा आई कपडे शिवता शिवता त्याच्यासाठी कॅसेटी भरायची. एकेचाळीस कॅसेटी, आणि प्रत्येकीत तिच्या बोलण्यावर शिलाई मशीनची खडखड. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि माझ्या शब्दावर दादाने मूळ कॅसेटी गेल्याच महिन्यात टाकून दिल्या. आता आई उरली होती ती माझ्या एका फोल्डरमध्ये.

मी सर्व्हर सांभाळते. असल्या आगंतुकाला कसं घरात घ्यायचं, ते मला कोणी शिकवायला नको. एक वेगळी डिरेक्टरी केली, तिच्यात जेमतेम लागतील तेवढ्या फाइली ठेवल्या, इंटरनेट तोडलं आणि प्रोग्रामला आत कोंडलं. अशा बंद खोलीला सँडबॉक्स म्हणतात. आतल्याला वाटतं, जग एवढंच.

आईचे आवाज मात्र त्याला द्यायला हवे होते. कॉपी करायला तासभर लागला असता, आणि दादा तर खुर्चीच्या मागेच उभा. म्हणून मी खरं फोल्डरच त्या खोलीत जोडलं. असं जोडताना ते फक्त वाचता येईल असं बंधन घालायचं असतं. घाईत ते राहिलं.

प्रोग्राम कामाला लागला. जरा वेळाने तो बाहेर जायला धडपडू लागला. एका पत्त्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बघ, कोणाला तरी हाक मारतोय," मी म्हणाले. दादाचा चेहरा उतरला. मी प्रोग्राम बंद पाडला आणि अख्खी खोलीच पुसायचा हुकूम सोडला.

डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायला हवं होतं. पण जुनी डिस्क कुरकुरत राहिली. एवढीशी खोली, तिला इतका वेळ कशाला? मग मला कळलं, खोलीबरोबर तिला जोडलेलं आईचं खरं फोल्डरही पुसलं जात होतं. थांबवलं तेव्हा फोल्डर रिकामं होतं. दुसऱ्या डिस्कवर प्रत होती, पण इकडे पुसलं की तिकडे आपोआप पुसलं जातं. ती सोयही माझीच.

प्रोग्रामने काय काय केलं त्याच्या नोंदी खोलीबाहेर होत्या, त्या वाचल्या. प्रोग्राम फक्त स्वतःची नवी आवृत्ती आली आहे का, ते विचारत होता. एक कॅसेट त्याने साफ करून ठेवलीही होती. तीही मीच पुसली.

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं तू होतीस. नाहीतर मी आईला घालवूनच बसलो असतो."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.

"आता एखादी लाव ना," तो म्हणाला. "राहू दे ती खडखड."