एकाआड एक इयत्ता

प्रभावतीचं वय चार वर्षांनी वाढवायला काकासाहेबांना एक दुपार पुरली. अंबडला कोर्टासमोर लिंबाखाली त्यांचं टेबल होतं. अर्जनवीस माणूस. दिवसभर लोकांच्या वाटण्या, तक्रारी, हरवलेले दाखले स्टॅम्पपेपरवर उतरवून द्यायचे. त्या दिवशी गिऱ्हाईक उठून गेल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक कागद घेतला आणि वळणदार अक्षरात शपथेवर लिहिलं, की माझी मुलगी प्रभावती हिचा जन्म अठरा जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा. तारीख खरी होती, महिनाही खरा होता. साल तेवढं अठ्ठ्याहत्तर पाहिजे होतं. पोर दहा वर्षांची होती, ती संध्याकाळपर्यंत चौदाची झाली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोच्या कानावर घातलं. साळूबाई भाकरी थापत होती.

“अन् हे कशाला?”

“दहावीला घरून बसवायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याला चौदा पूर्ण लागतेत.”

“मंग थांबा की चार वर्षं.”

“थांबून काय करू? पोरगी तयार झाली. आता काय लोणचं घालू तिचं?”

साळूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. पोर जन्मली होती वाटूरला, साळूबाईच्या माहेरी, आणि नोंद करायची राहून गेली होती. तेव्हा खोटं म्हणायला दुसरा कागदच नव्हता.

पोरीला घरी शिकवायचं खूळ त्याच्याही चार वर्षं आधीचं. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये साळूबाईनं जुन्या चादरीचं दप्तर शिवून ठेवलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या, पोलिसात असलेल्या निजामोद्दीन जमादारांची हसीना उर्दू शाळेत निघाली होती, तशी आपली प्रभाही निघेल, एवढाच तिचा विचार. पण त्याच आठवड्यात एक मास्तर बदलीचा अर्ज लिहून घ्यायला काकासाहेबांकडं आले. सोबत त्यांनी स्वतः केलेला कच्चा मजकूर होता. तो वाचून काकासाहेबांचं टाळकंच फिरलं. घरी येऊन ते म्हणाले, “ज्याला सोताचा अर्ज लिहिता येत न्हाई, त्याच्या हाती मी माझी लेक देऊ? बिलकुल न्हाई.” दप्तर खुंटीला गेलं. पुढं साळूबाईनं त्यात कांदे ठेवले.

आता घरी शिकवायला काही हरकत नव्हती. काकासाहेबांचं अक्षर मोत्यासारखं, वाचनही बरं होतं. पण या गृहस्थांना दुसऱ्यानं ठरवलेलं काही चालायचंच नाही. सरकारनं दहा इयत्ता केल्यात म्हणून आपण दहा करायच्या, हे त्यांना पटेना. त्यांनी बाजारातून जुनी पुस्तकं आणली, ओसरीवर मांडली, आणि दोन रविवार चाळून निकाल दिला. म्हणाले, अर्जात जसा अर्धा मजकूर पाल्हाळ असतो, तसंच हे. एक इयत्ता शिकवायची आणि पुढचीत तेच फुगवून सांगायचं. तेव्हा पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आणि दहावी. मधल्या इयत्ता त्यांनी रद्दीत घालून टाकल्या. चित्रकला गेली, गाणी गेली, कवायत गेली. शुद्धलेखन दुप्पट झालं.

हा अभ्यासक्रम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. खाली तांबड्या शाईत ओळ होती: नव्वदच्या खाली नापास.

त्यांची स्वतःची मॅट्रिक गणितात राहिली होती. ते घरात एकट्या साळूबाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही.

पहाटे पाचला पोरीला उठवायचं. नऊपर्यंत शिकवणी, मग काकासाहेब कोर्टाकडं. जाताना दिवसभराचं लिहायला देऊन जायचे आणि साळूबाईला पहाऱ्याला बसवायचे. साळूबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं. पोर लिहिते आहे की रेघा ओढते आहे, तिला काय कळणार? तिचं काम एवढंच, की पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. सुरुवातीला ती दुपारी म्हणायची, “जा गं, हसीनाकडं जाऊन ये, जल्दी ये.” पोर धावत जायची, काचापाणी खेळून यायची. संध्याकाळी पानं कमी भरायची आणि काकासाहेब पट्टी काढायचे. हातावर नाही, हातानं लिहायचं असतं. पोटरीवर. दोन-तीनदा असं झाल्यावर साळूबाईनंच पोरीला सोडायचं बंद केलं. मारापेक्षा घरात बसलेली बरी, असं तिला वाटलं. आईनंच दार लावलं म्हटल्यावर पोरीनं विचारायचंही सोडून दिलं.

हुशार होती ती, यात शंका नाही. आठव्या वर्षी खणखणीत अर्ज लिहायची. काकासाहेबांचे अशील घरी आले की ते तिला हाक मारायचे, “प्रभावती, यांना वारसाचा अर्ज म्हणून दाखव.” पोर ताठ उभी राहून ‘विनंती अर्ज करतो की’ इथपासून ‘येणेप्रमाणे अर्ज असे’ इथपर्यंत म्हणायची. माणसं थक्क व्हायची. दुसऱ्या पोरीशी बोलायचं कसं, हे मात्र तिला येईनासं झालं होतं. हसीना दारात येऊन काही विचारायची, तर ही आईच्या तोंडाकडं बघायची.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये दहावीचा पहिला पेपर होता. पोर अकरा वर्षांची, अंगानं त्याहून लहान. काकासाहेब म्हणाले, “साडी नेसव. पंधराची दिसली पाहिजे.” साळूबाईनं पाचवारी नेसवली. कमरेला खोचून खोचून केवढा तरी गोळा झाला. जालन्याच्या केंद्रावर पोर बाकावर बसली तर पाय जमिनीला टेकेनात. खिडकीतून ते बघताना साळूबाईला भडभडून आलं. आपल्या पोटच्या पोरीला आपण सोंग देऊन बसवलंय, असं तिला वाटलं. काकासाहेब मात्र फाटकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आमची मुलगी घरीच शिकलेली. अकरा वर्षांची आहे हे सांगायला त्यांची जीभ शिवशिवत होती, पण ते सांगायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती.

निकाल लागला. मराठीत पंच्याहत्तर, इतिहासात सत्तर, इंग्रजी निघालं. गणित राहिलं.

अकराव्या वर्षी दहावीचे बाकीचे सगळे विषय काढणारी पोर दुसऱ्या घरी असती, तर तिची साखर वाटली असती. काकासाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑक्टोबरचा फॉर्म भरला. ऑक्टोबरला गणित राहिलं. पुढच्या मार्चला राहिलं, त्यापुढच्या ऑक्टोबरला राहिलं. बीजगणितात ती थोडेफार मिळवायची, भूमितीचा पेपर जवळपास कोरा यायचा. काकासाहेब प्रमेयं पाठ करून घ्यायचे. पोर स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची आणि परीक्षेत आकृती उलटी आली की गळाठून जायची. मग पोटरी, मग पुन्हा पाठांतर. तेरा वर्षांची होईतो गणिताचं पुस्तक उघडलं की तिला उलटी व्हायला लागली. साळूबाई शेजारी तांब्या ठेवून बसायची.

एक्क्याण्णवच्या श्रावणात हसीना तिचं पुस्तक घेऊन आली. आठवीत गेली होती. प्रभावतीला उर्दू येत नव्हतं, पण आकृत्या दिसत होत्या. त्रिकोण, समांतर रेषा, कोनांना काढलेल्या खुणा. ती एकेक पान बघत राहिली. मग आईला म्हणाली,

“माय, हे आठवीत शिकवतेत. हळूहळू. मला कुणी शिकवलंच न्हाई.”

साळूबाईला त्रिकोण कळत नव्हता, पण एवढं कळलं. तिनं धीर करून नवऱ्यापुढं शब्द टाकला, की आठवीचं पुस्तक आणू या का, तेवढंच ऱ्हायलंय म्हणते पोरगी.

काकासाहेब तिच्याकडं बघतच राहिले. “चौथी न शिकलेल्या बाईनं माझ्या अभ्यासक्रमात खोट काढायची? पोरगी मठ्ठ हाय, ते सांग. सतरा वर्षांची घोडी झाली अन् दहावी निघंना.”

“सतरा?” साळूबाई म्हणाली. “अहो, तेरा वर्षांची हाय ती.”

खोटं बोलताना माणूस जरा तरी अडखळतो. सतरा म्हणताना काकासाहेब अडखळले नव्हते. साळूबाईला त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याची भीती वाटली.

त्या ऑक्टोबरलाही गणित राहिलं. सहावी खेप. गावात लोक कुजबुजायला लागले होते, आणि ते लोकही कागदावरचंच वय धरून बोलत होते. अठराची झाली, दहावी निघत नाही, घरात ठेवून काय करणार? संक्रांत झाली आणि जाफराबादकडचं स्थळ आलं. मुलगा वसंता, सत्तावीस वर्षांचा, त्या रस्त्यावर जीप चालवायचा. काकासाहेबांनी शपथपत्राची नक्कल बैठकीत सगळ्यांसमोर ठेवली. “अठरा पूर्ण. सगळं कायद्यात बसतंय,” म्हणाले. शिकवण्या त्याच दिवशी बंद झाल्या. मार्चचा फॉर्म मात्र भरलेला होता, आणि ते साळूबाईला बजावून बसले होते, “हे लग्न मोडलं, तर मार्चला पुन्हा बसवीन. मोकळी ठेवणार न्हाई.”

साळूबाईनं पाय धरले, रडली, उपाशी राहिली. त्यांनी कागद पुढं केला.

मग लग्नाला सहा दिवस असताना ती डोक्यावर पदर घेऊन सरळ जमादारांच्या घरी गेली. जमादाराची बायको सरदारबी तिची जुनी मैत्रीण. ऐकून सरदारबी उठून उभीच राहिली.

“अठरा? कौन बोला अठरा? तू सव्वा महिने की गोद में लेके आई, तब मेरी हसीना छे दिन की थी. मेरी हसीना अठरा की है क्या?” तिनं नवऱ्याला झोपेतून उठवलं. “चलो जी. तुमारी वर्दी किस काम की?”

निजामोद्दीन जमादार भला माणूस. दुपारी काकासाहेब कोर्टात असताना ते सरदारबीला घेऊन ओसरीवर येऊन बसले. साळूबाईचं सगळं नीट ऐकून घेतलं.

“बाई, लग्न थांबविता येतं,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. वय खोटं निघालं म्हंजे शपथपत्र खोटं. लिहून देणारा आत जातो. तुमची तयारी हाय का?”

“हाय,” साळूबाई म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी धुणी-भांडी करीन, पोरीला सांभाळीन, हे तिनं रस्त्यातच ठरवलं होतं. कदाचित आठवीच्या वर्गातही घालता येईल, असं ती मघाशी सरदारबीला म्हणालीही होती. कुणी घेईल का चौदा वर्षांच्या पोरीला आठवीत? घेतील. हसीनाएवढीच तर आहे.

“मंग पोरीला बोलवा. तिच्या तोंडून ऐकतो अन् लिहून घेतो.”

प्रभावती आतल्या दाराआडच उभी होती. बाहेर आली. हाताला हिरवा चुडा भरलेला. जमादारांनी आवाज मऊ केला.

“भिऊ नको, बेटा. मी हसीनाचा अब्बा. खरं सांग, तुझं वय काय?”

प्रभावतीनं एकदा आईकडं बघितलं. मग सरळ उभी राहिली.

“अठरा वर्षं पूर्ण. जन्मतारीख अठरा जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर.”

“अगं ए,” सरदारबी ओरडली.

जमादारांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, शब्दही न बदलता. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाली, “लग्न माझ्या मर्जीनं होऊन राह्यलंय.” कागद आणि पोर एकच सांगत असताना लिहून घ्यायला काही उरलं नव्हतं. जमादार उठले, टोपी घातली आणि साळूबाईकडं न बघता पायऱ्या उतरले. सरदारबी रडत त्यांच्या मागं गेली.

ओसरीवर दोघीच उरल्या. पोरीला मारावं की पोटाशी धरावं, साळूबाईला कळेना. बापाला आत जाऊ द्यायचं नाही म्हणून बोलली असेल, तिनं मनाशी धरलं. एवढा मार खाऊनही पोरीची माया सुटली नाही. ते तिला समजत होतं.

“बापासाठी बोललीस ना गं?”

“न्हाई,” प्रभावती म्हणाली.

“मंग?”

प्रभावती चुड्यावरून बोट फिरवत होती. शिकवणी बंद झाल्यापासून ती सूर्य वर येईपर्यंत झोपायची. चार घास जास्त जेवायची. गालावर जरा रंग आला होता. साळूबाईला वाटलं होतं, नव्या साड्यांचं अप्रूप असेल.

“लग्न मोडलं असतं, तर मार्चला बसावं लागलं असतं ना, माय?”

“अगं, ते आत गेले असते. कुणी बसवलं असतं तुला?”

“सुटून आले असते की,” प्रभावती म्हणाली. “अन् तू शाळेत घातलं असतं. मी ऐकलं, तू सरदारमावशीला सांगत होतीस. आठवीत.”

“ती शाळा येगळी असती, बाई. तिथं पोरी असत्या. हळूहळू शिकवतेत, तूच म्हणालीस ना?”

प्रभावतीनं मान हलवली. तिचा त्यावर विश्वास नव्हता. शिकणं म्हणजे काय, हे तिला आठ वर्षं माहीत होतं.

“माय, तिकडं घरात कुणीच शिकलेलं न्हाई म्हणतेत. खरंय का?”

साळूबाई पदराचं टोक पिळत राहिली.

“सांग ना. खरंय का?”

“खरंय.”

“एक पुस्तकसुदिक न्हाई?”

“न्हाई, बाई.”

“मंग बरं हाय,” प्रभावती म्हणाली, आणि हळदीचे गहू पाखडायला सूप घेऊन बसली.