डाव्या पायाचं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेला प्रत्येक जण तर पाय ठेवायलाच आला होता. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे कोमट पाण्याचे दोन टब, टबांवर जाड टॉवेल. दिवे मंद केलेले, कारण विषाला उजेड सोसत नाही, असं निथळबाबांचं संशोधन होतं.

डाव्या टबात डावा पाय, उजव्यात उजवा. डावा पाय डाव्या मूत्रपिंडाचा, उजवा उजव्याचा. बाबांच्या शरीरशास्त्रात सगळं असं नाकासमोर चालायचं. चेले टबात चिमूटभर ‘शुद्धीचं मीठ’ टाकायचे, खुर्चीखालचं बटण दाबायचे, बाबा घटकाभर पुटपुटायचे, मग टॉवेल निघायचा. पाणी तांबूस, गढूळ.

“हे तुमच्या रक्तात होतं!” बाबा गरजायचे, आणि लोक आपलंच विष बघून धन्य व्हायचे.

कात्रीकाका आत आले ते बरं व्हायला नव्हे. काका पेशाने न्हावी. मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली होती, त्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणजे पलंगावर पडून राहायचं आणि यंत्राने रक्त धुऊन परत अंगात सोडायचं. शेजारच्या पलंगावर एक तरुण शिवणवाली असायची, शाळेचे गणवेश शिवणारी. तिचा पलंग गेल्या दोन खेपा रिकामा होता. त्याच पलंगावरचा आधीचा माणूसही असाच यायचा थांबला होता, आणि मग त्याच्या घरून निरोपच आला होता. काकांना ते विसरता येत नव्हतं. पोरीची त्यांना काळजी वाटत होती, आणि ती निथळबाबांकडे जाते असं कळताच ते इथे आले होते.

तिचं सगळं दुखणं काकांना पाठ होतं. रात्रभर अंगाला खाज, पायात मुंग्यांची वारूळं, तोंडाला लोखंडाची चव, मशीन लागलं की हातातलं बळच निघून जायचं. पेलाभर पाणीसुद्धा मोजून प्यायचं. डॉक्टरांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते फिरतीवर यायचे, रिपोर्ट बघायचे, “काय, ठीक?” विचारायचे, आणि दोघंही “ठीक” म्हणायचे. एवढ्या मोठ्या डॉक्टरला खाज काय सांगायची!

बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “रात्री झोप लागते का गं बाळ?” तिला रडूच कोसळलं. निम्मी बाजी बाबांनी तिथेच मारली होती.

ती मधल्या रांगेत बसली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, बसल्या जागी धाप. शेजारी तिची आई.

“पोरी, ऊठ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल,” काका म्हणाले. “धाप बघ तुझी.”

“काका, विष खाली उतरतंय म्हणून सूज आलीय. बाबा म्हणाले.”

“तुम्ही मध्ये पडू नका हो,” आई म्हणाली. “तिथं आठवड्यातून तीनदा त्या जाड जाड सुया. इथं सुई नाही की दोरा नाही.”

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा काकांच्या धंद्याचा पहिला नियम. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “मग माझेही धुऊन टाका.”

त्यांनी पायजमा जेमतेम वर केला आणि दोन्ही पाय स्वतःच टबांत सोडले. बाबा कुणाच्या पायाला हात लावत नसत. विष चढतं म्हणे.

“काका, अहो तुमचा तो...” शिवणवाली म्हणाली.

“असू दे,” काका म्हणाले.

पुटपुटणं झालं. टॉवेल निघाला. उजवं पाणी तांबूस होतं, डावं तर काळंकुट्ट. सभागृहातून “अगं बाई!” उठलं. बाबा पुढे सरसावले.

“बघा, बघा! डावं मूत्रपिंड पार सडलंय. काय हो, डाव्या पायात काही जाणवलं?”

“काहीच नाही, बाबा.”

“जाणवणार कसं? विषाने बधिर झालाय! कधीपासून आहे हे?”

“सहा वर्षं झाली,” काका म्हणाले. “कापला तेव्हापासून.”

मग त्यांनी गुडघ्याखालचा पट्टा सोडला आणि पाय उचलून हातात घेतला. रबरी बोटांतून काळं पाणी ठिबकत होतं.

मागच्या रांगांतले लोक बघायला उभे राहिले. मग पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठला. “रबरातलंसुद्धा विष काढलं! धन्य बाबा!” दोघांतिघांनी टाळ्याही वाजवल्या. काकांना कपाळावर हात मारून घ्यायचा होता, पण हातात पाय होता.

शिवणवाली हसायला लागली. हसता हसता तिला इतकी धाप लागली की आई घाबरून उठली. तिने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या पायाकडे. मग तिने एक टब जागेवरच रिकामा करून धुतला, ताजं पाणी भरलं आणि चेल्याच्या हातातलं मीठ हिसकावून त्यात टाकलं.

“पाय नसताना विधी उलटतो!” बाबा ओरडले.

“काकांचा कुठे उलटला?” म्हणत आईने खुर्चीखालचं बटण दाबलं.

टबात कुणाचाच पाय नव्हता. पाणी हळूहळू तांबूस झालं.

“आता हे कुणाचं विष?” आईने विचारलं. उत्तर द्यायला बाबा जागेवर नव्हते. त्यांना समाधी लागली होती, आणि ती मागच्या दाराबाहेर लागली होती.

टबाच्या तळाशी जाळीखाली लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्या तारा खुर्चीखालच्या बॅटरीला जोडलेल्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. काकांच्या डाव्या टबात मीठ जास्त पडलं होतं, म्हणून गंजही जास्त. खरं होतं ते फक्त कोमट पाणी. त्याने पायांना बरं वाटतं, कुणाच्याही. पण रक्तातली घाण तळपायातून गळत नाही, आणि ती अंगात साठली की माणूस जातो.

आईने लेकीला त्याच पावली हॉस्पिटलात नेलं. काका लंगडत मागोमाग, कारण पाय अजून ओला होता.

आता तुम्हाला एवढंच सांगायचं: कुणी चमत्कार दाखवला की एक टब रिकामा लावून बघा. आणि मायेने चौकशी करणाऱ्याला औषध कळतंच असं नाही. ज्याला कळतं, त्याला आपण दुखणं सांगावं लागतं. खाज, उडालेली झोप, गळून गेलेलं अंग, हे सगळं त्या आजाराचंच आहे, आणि त्यावर इलाज असतो.

यंत्र सुरू झालं, तासाभराने तिची धाप बसली. डॉक्टर फिरतीवर आले. “काय, ठीक?”

“ठीक नाही,” शिवणवाली म्हणाली, आणि एकेक सांगू लागली. डॉक्टर आधी उभ्याने ऐकत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं.

“हे आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही ‘ठीक?’ असंच विचारता.”

डॉक्टरांनी एकेक तक्रार कागदावर लिहून घेतली. मग ते शेजारी बसलेल्या काकांकडे वळले. “आणि तुम्हाला, काका? तुम्हालाही खाज सुटते?”

काकांच्या तोंडात ‘ठीक’ अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“सगळीकडे,” ते म्हणाले. “डावा पाय सोडून.”