पासवाल्या पोरी

"अकरा कसे होतील, मॅडम? माझ्या गाडीत उभं ऱ्हायला जागा नसती."

डेपोच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या करुणा मॅडमनी कागदच पुढे सरकवला. विद्यापीठाच्या नव्या विभागाची बस, चार महिने, एका फेरीला सरासरी अकरा प्रवासी. खाली शेरा होता, सोमवारपासून मार्ग बंद. मोतीरामनं तो तीनदा वाचला. सहा वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला गर्दी कळत नाही होय? आणि मग कुठं चुकलं ते ध्यानात आलं.

शहरात जागा मिळेना म्हणून विद्यापीठानं दौलताबादच्या अलीकडं, डोंगराखालच्या गायरानात मुलींचा विज्ञान विभाग काढला. जमीन मोप, पण आसपास चिटपाखरू नाही. रिक्षावाले तिकडं यायला नाक मुरडायचे. सगळा कारभार या एका बसच्या जिवावर, आणि पोरी झाडून सगळ्या पासवाल्या. पास दाखवला की मशिनचं बटण दाबून शून्य रुपयांचं तिकीट काढायचं, असा नियम. पण मशिन अडायचं, गाडी खड्ड्यांतून उड्या मारायची, पोरींना आठचा तास गाठायचा असायचा. "ऱ्हाऊ दे बाई, बस तू," म्हणत चार महिने त्यानं ते बटण दाबलंच नव्हतं. मशिनच्या लेखी त्या तीस-पस्तीस पोरी गाडीत कधी चढल्याच नव्हत्या.

विद्यापीठही हाच आकडा धरून बसलंय, असं मॅडम म्हणाल्या. बस नसेल तर वसतिगृहाचं बांधकाम थांबणार, पुढच्या वर्षी प्रवेशही नाहीत.

"चूक माझीये. मी लिहून देतो."

"मोतीरामभाऊ, तुम्ही कंत्राटी आहात. लिहून दिलं की तुम्ही घरी. आणि त्यानं बस वाचेलच असंही नाही."

तो संध्याकाळच्या फेरीवर गेला. परतताना पडेगावची लाइबा पुढच्या दारापाशी येऊन उभी राहिली. पोरगी त्याच्याच गल्लीतली, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली.

"काका, बस बंद होनेवाली क्या? अब्बा बोलते, बस है तो कॉलेज है. नई तो घर बैठ."

"काय नाय होत, बेटा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी त्यानं स्वतःच्या हातानं पानभर जबाब लिहून दिला. शनिवारी मशिन आणि बॅग काढून घेतली. बसचं काय, ते कुणीच सांगेना. घरी सांगितल्यावर बायको रूपाली आधण ठेवलेला गॅस बंद करून नुसती बसून राहिली.

सोमवारी सवयीनं जाग आली. गाडीची वेळ सात चाळीसची. तो पडेगावच्या थांब्यावर पोचला तेव्हा पोरी घोळका करून उभ्या होत्या. लाइबाचा बाप फारूख मोटारसायकलवर बसून होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फारूखनं किक मारली.

"चल, लाइबा. नई आती अब."

लाइबानं दप्तर खांद्यावरून काढून छातीशी धरलं. ती मोटारसायकलशी पोचते न पोचते तोच छावणीकडून बस दिसली.

दारात नवा कंडक्टर होता. पोरी पास दाखवत चढू लागल्या आणि दर पोरीमागं मशिन कर्र करून चिठ्ठी ओकू लागलं. मोतीराम एकेक आवाज मोजत होता. तेरा पोरी चढल्या, तेरा वेळा मशिन वाजलं. शेवटची लाइबा.

"काका, तुमे नई आते?"

"आज सुट्टीये मला."

फारूखनं मोटारसायकल बंद केली. नवा कंडक्टर अजून चिठ्ठ्याच फाडत होता, गाडी सोडायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. मोतीराम पुढे झाला आणि त्यानं बाहेरून पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी सुटली.