कॉलरमधला नंबर

आमचे हे सव्वीस वर्षं बोटीवर होते. बोटीवर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश आणि टोपी येते, म्हणून आधीच सांगते, हे लाँड्रीत होते. मोठ्या प्रवासी बोटीच्या पोटात, जिथे खिडकी नसते तिथे, हजारो लोकांचे कपडे धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे. अर्ध्या जगातल्या बायकांचे झगे यांच्या हातून गेले असतील. माझा परकर मात्र मागच्या दारच्या दगडावर मीच घासला. वर्षाचे नऊ महिने हे समुद्रात असायचे आणि उरलेले तीन महिने दमलेले.

निवृत्त होताना यांनी मला एक वचन दिलं होतं. त्याच बोटीवर एकदा मला प्रवासी म्हणून न्यायचं, वरच्या मजल्यावर. यंदा ती बोट सिंगापूरहून सुटणार होती. पेनांग, फुकेत करून सात रात्रींनी परत. आमच्या मुलीने, शमिकाने, पुण्यात बसून सगळं बुकिंग केलं आणि कोणते कपडे आणायचे याची कंपनीची यादी माझ्या मोबाइलवर पाठवली. दिवसा डेकवर हलके कपडे, पोहण्याचा पोशाख, रात्री जेवायला नीटनेटके, आणि दोन रात्री ‘फॉर्मल’. पोहण्याच्या पोशाखाचं वाचून मला हसू आलं. आमच्या इथल्या भाट्याच्या समुद्रात मी साडी खोचून घोट्यापर्यंत गेले आहे, तेवढं पोहणं पुरे. पण त्या दोन फॉर्मल रात्रींचं वाचलं आणि मी सरळ उठून लोखंडी कपाट उघडलं.

त्या कपाटात यांनी मला आणलेले कपडे होते. हिरवा रेशमी लांब झगा, मरून मखमली जाकीट, काळी जाळीदार शाल, आणि सगळ्यांत वर, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला साईच्या रंगाचा लोकरी कोट. हे सगळं रत्नागिरीत घालायचं कुठे, सांगा? रेशमी झगा घालून मी बाजारात बांगडे घ्यायला जाऊ? आमच्याकडे पावसाळ्यात चपलेलाही बुरशी येते, पण या कपड्यांना मी कधी येऊ दिली नाही. दर दिवाळीआधी गच्चीवर सावलीत वारा दाखवायचा, डांबरगोळ्या बदलायच्या आणि परत घडी. शेजारच्या सुनेत्रावहिनी, शाळेत मास्तरीण होत्या त्या, एकदा त्या कोटावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, “राही, तुझा नवरा लांब असतो, पण लक्ष आहे हो त्याचं तुझ्याकडे.” ते वाक्य मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

प्रत्येक कपड्यामागे यांनी सांगितलेली गोष्ट होती. कोटाची सगळ्यांत मोठी. जिनोव्हा नावाचं बंदर, चढावरचं दुकान, दुकानातली पोरगी. हे तिला खुणांनी म्हणाले, माझी बायको तुझ्याएवढीच आहे, तूच घालून दाखव. तिने घालून दाखवला आणि यांनी तो घेतला. मला त्या कोटाच्या बाह्या चार बोटं लांब होत्या. मखमली जाकिटात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या आणि झगा शिलाई उसवल्याशिवाय अंगात जात नव्हता. पण मला कधी वाईट वाटलं नाही. नऊ नऊ महिने न बघितलेली बायको माणसाच्या आठवणीत कधी उंच होत असेल, कधी जाडी होत असेल, असं मी मनाशी म्हणायचे. त्यावरून मला यांची माया यायची. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी कोट बॅगेत ठेवला. हे आले आणि त्यांनी तो काढून पलंगावर ठेवला.

“साड्या घे गो. साडी उठून दिसते थयं.”

“साड्या घेतल्याच हायत. कोट फॉर्मलच्या रात्रीला.”

“सिंगापूरला उकडतंय.”

“आतमधी एसी असतो, तुम्हीच सांगितलात.”

मग हे म्हणाले, फॅशन गेली. मग म्हणाले, बॅगेचं वजन होईल. शेवटी काही सुचेना तेव्हा म्हणाले, “बाह्या बघ केवढ्या लांब हायत. हसतील लोक.”

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांना पहिल्यांदा त्या बाह्या दिसल्या होत्या. मला रागही आला आणि पटलंही. मी कोट पिशवीत घातला आणि रिक्षा करून माळनाक्याला ज्ञानेश्वरीकडे गेले. ती कपडे लहानमोठे करून देते. तिचा हात चांगला आहे, तोंड मात्र कात्रीपेक्षा जास्त चालतं.

तिने कोट उलटा केला, अस्तर बघितलं, कॉलर बघितली. कॉलरच्या आत बोटभर कापडी पट्टी होती, तिच्यावर न जाणाऱ्या शाईने आकडे लिहिलेले होते. ८११४. ती पट्टी मी शंभरदा बघितली होती. तशी पट्टी झग्यालाही होती आणि जाकिटालाही, फक्त आकडे वेगळे. कुणी विचारलं तर मी सांगायचे, तिकडचं माप असतं ते.

“वयनी, ह्यो खोलीचा नंबर कुठल्या हॉटेलातला हो?” ज्ञानेश्वरीने विचारलं.

“खोलीचा कसला? माप हाय ता.”

“माप ह्या बघा, हिकडं छापलेला हाय. ह्यो हातानं लिवलेला. माझा भाऊस गणपतीपुळ्याला हॉटेलात धोबीखान्यात हाय ना. पाव्हण्यांचे कपडे धुवायला आले की खोलीचा नंबर असाच घालतात. नायतर कुनाचा झगा कुनाला जायचा.” आणि ती आपल्याच बोलण्यावर हसली.

मी बाह्या कापू दिल्या नाहीत. कोट परत घेतला. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, काकी, नाचणे गावात कुठे, आणि मला माझ्याच घराचा पत्ता पटकन सांगता येईना.

हे पडवीत बसून नव्या काळ्या बुटांना पॉलिश करत होते. फॉर्मलच्या रात्रीसाठी यांनी सूट शिवून घेतला होता, टाय आणला होता. महिनाभर आरशासमोर टायची गाठ मारून बघणं चाललं होतं. मी चपला न काढताच पुढ्यात उभी राहिले.

“एक्क्याऐंशी चौदामधी कोन राहायची?”

यांचा ब्रश थांबला. मला वाटलं होतं, हे विचारतील, कसलं एक्क्याऐंशी चौदा. पण यांनी तेवढीही मेहनत घेतली नाही.

“चोरी नाय केली गो,” हे म्हणाले. “देवाशप्पत. लोक खोलीत विसरून जातात. कंपनी सा म्हयने ठेवते. कोन नाय मागायला आला तर आम्हा लोकांत चिठ्ठ्या टाकतात. ज्याची निघंल त्याचा.”

“आन् ता दुकान? ती पोरगी, माझ्याएवढी?”

“दुकान व्हता खरा. काचंतून बघितलेला.”

“मग आता का नेऊ नको? चोरी नाय तर भ्यायचा कशाला?”

यांनी बूट खाली ठेवला. “अनिल हाय अजून बोटीवर.”

अनिल म्हणजे जयगडचा अनिल. यांच्या हाताखाली लागला, दर सुट्टीत आमच्याकडे येऊन माझ्या हातची कोलंबी खाऊन गेला, मला वयनी वयनी करत. “त्या दिवशी कोटासाठी त्याची पन चिठ्ठी व्हती,” हे म्हणाले. “फॉर्मलच्या रात्री तो आपला फोटो काढायला येनार हाय. खाली सगळ्यांना दाखवनार, बघा, भागोजीदादा वर बसलाय. राही, सव्वीस वर्षं मी खाली काढली. एक रात्र वर बसायचा हाय. तितं पन तुझ्या अंगावर ता खालचा सामान दिसायला नको.”

खालचं सामान. हेच यांनी मला पंचवीस वर्षं गोष्टी सांगून सांगून नेसवलं होतं. तेव्हा मला दिसायला चाललं, अनिलला दिसायला चालत नाही.

मी आत गेले आणि कपाट पलंगावर रिकामं केलं. हे मागोमाग आले, दारात उभे राहिले. मी एकेक कपडा उचलून विचारत गेले. झगा? सापडलेला. जाकीट? सापडलेलं. शाल? एका म्हातारीच्या मागे खोलीत राहिलेली, म्हणजे ती बोटीवरच गेली बिचारी. ती खांद्यावर घेऊन मी शमिकाच्या साखरपुड्याला मिरवले होते. मी ओरडले, की इतक्या वर्षांत एक तरी वस्तू या माणसाने माझं नाव मनात घेऊन विकत घेतली असेल की नाही?

“घेतली ना,” हे म्हणाले. “पयल्या फेरीत. पिवळा रुमाल.”

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. पिवळा रुमाल मिक्सरवर होता. पंचवीस वर्षं तो मिक्सरवरच आहे. आधीचा मिक्सर जळाला, नवा आला, रुमाल तोच. हळदीचे डाग, तेलाचे डाग, एका कोपऱ्याला नांगराचं चित्र होतं ते आता नुसतं निळं उरलंय. हे पहिल्यांदा घरी आले तेव्हा गावच्या घरी सगळ्यांसमोर यांनी तो माझ्या हातात दिला होता. सासूबाई होत्या, जाऊ होती, भावजय आली होती. आणि मी काय म्हटलं होतं, तेही मला शब्दन् शब्द आठवलं.

“एवढा समुद्र ओलांडून गेलात आन् ह्यो रुमाल आनलात? ह्यो तर आपल्या जत्रंत मिळतो.”

सगळे हसले होते. हेही हसले होते. पुढच्या फेरीला यांनी मरून जाकीट आणलं आणि मी ते छातीशी धरून सगळ्या वाडीला दाखवून आले. मग कशाला हे परत स्वतःच्या मनाने काही घेतील? मला माझाच राग आला. पण स्वतःवरचा राग काढायला जागा नसते, म्हणून तोही मी यांच्यावरच काढला.

“ता एक वाक्य बोलले मी, बावीस वर्षांची व्हते,” मी म्हटलं. “त्याची शिक्षा तुम्ही पंचवीस वर्षं दिलीत. आन् मला कळूनसुद्धा दिली नाय.”

“शिक्षा नाय गो. तू खूश व्हायचीस. मला ता बघायला आवडायचा.”

खूश मी होतच होते, ते खोटं नव्हतं. खूश होणारी बाई तेवढी येडी होती.

सहलीला जायचं तर होतंच. परवाची गाडी, मग विमान. सगळ्या आळीला सांगून झालं होतं, सुनेत्रावहिनींनी खोबऱ्याच्या वड्यासुद्धा करून दिल्या होत्या. मी कोट, झगा, जाकीट, शाल, सगळं एका चादरीत बांधलं आणि गाठोडं मागच्या पडवीत नेऊन टाकलं, पावसाचं पाणी येतं त्या कोपऱ्यात. डांबरगोळ्या घातल्या नाहीत. मग बॅगेत फॉर्मलच्या रात्रींसाठी आणखी दोन साड्या टाकल्या, शमिकाच्या लग्नातली जांभळी आणि काळी इरकल. अशाच टाकल्या, घडी न घालता.

यांनी त्या बाहेर काढल्या. टेबलावर जाड चादर अंथरली, पाण्याची वाटी घेतली, इस्त्री तापवली. मी पलंगावर बसून बघत राहिले. काय हात चालतो यांचा! जरीवर आधी मऊ फडकं, मग इस्त्री, काठ जरासुद्धा ओढला जाऊ न देता. पदराला एक सुरकुती राहिली तर परत पाणी, परत फडकं. कुठल्या कुठल्या बायकांच्या कपड्यांवर हा माणूस आयुष्यभर एवढ्या मायेने वाकला असेल, आणि माझ्या साडीवर आज पहिल्यांदा. मला तेव्हा हमसून रडू आलं, आणि ते यांना दिसू नये म्हणून मी उगाच बॅगेची चेन लावत आणि काढत बसले.

काळी इरकल झाली. यांनी चारी कोपरे जुळवून घडी घातली, दुकानात असते तशी. मग खिशातून पेन काढलं, कापडाची बोटभर पट्टी घेतली, तिच्यावर चार आकडे लिहिले आणि पट्टी साडीच्या आतल्या काठाला टाचणीने लावायला लागले.

“ता काय?” मी विचारलं.

“आपल्या केबिनचा नंबर. थयं धुवायला टाकलीस, विसरून राहिली बिहिली, तर सापडंल.”

“राहिली तर राहू दे,” मी म्हटलं. “चिठ्ठी निघंल कुनाची तरी. साडीला काय बाह्या नसतात. कुनाच्या पन बायकोला व्हईल.”